मोबाईलवरचा कौल आणि दारावरची जनगणना

आपल्या गावात मराठी माणूस किती टक्के? सीमाभागात हा प्रश्न निघाला की लगेच मोबाईलवर 'कौल' फिरतो. हजारो जण बटण दाबतात, ८०-९० टक्के आकडा येतो, सगळे खूश. पण ग्रुप आपलाच, बटण दाबणारेही आपलेच. मग दुसरं काय येणार?

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शितं पातेल्यात सगळीकडून उचलावी लागतात. १९३६ मध्ये अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने तब्बल २४ लाख उत्तरं गोळा केली आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. जिंकले रूझवेल्ट! कारण नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या यादीतली होती. नमुना मोठा होता, पण एकांगी. त्यापेक्षा मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली पाचशे घरं जास्त खरं सांगतात.

जनगणनेत मात्र नमुना नसतो, घर न् घर मोजलं जातं. २०११ मध्ये देशात सुमारे ८.३ कोटी मराठी भाषक नोंदले गेले. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, या निकषाला आधार असतो तो याच आकड्यांचा.

जनगणनेची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. प्रगणक दारात आला की घरात जी भाषा असेल तीच सांगा आणि नीट लिहिली का, ते बघा. शेजारच्या कन्नड, उर्दू, कोकणी घराचाही तोच हक्क आहे.