पाठीवरचा प्रवासी

देशाटनाने माणूस शहाणा होतो, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. प्रवासवर्णनांवर मराठी वाचकाचे प्रेमही मोठे. पण एक साधा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. एखाद्या वाटेवरून शेकडो माणसे जात-येत असताना त्यांतल्या नेमक्या कोणाला आपण ‘प्रवासी’ म्हणतो? जो परत घरी पोहोचतो, ज्याला लिहिता येते आणि ज्याचे लिहिलेले छापले जाते, त्याला! बाकीचे त्याच्या वर्णनात हमाल, वाटाडे, खानावळवाले किंवा नुसती गर्दी म्हणून येतात. या बाकीच्यांना वगळून वाचलेले प्रवासवर्णन अर्धेच वाचलेले असते, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहण्यासाठी मी दक्षिण मेक्सिकोतली वाट निवडतो. कारण चियापास, ताबास्को, वाहाका या राज्यांतल्या रस्त्यांविषयी परके प्रवासी जवळजवळ दोनशे वर्षे लिहीत आले आहेत.

जॉन लॉइड स्टीव्हन्स हा अमेरिकन वकील १८३९ साली आपल्या सरकारचा प्रतिनिधी म्हणून मध्य अमेरिकेत गेला. सोबत फ्रेडरिक कॅदरवुड हा इंग्रज चित्रकार होता. माया लोकांची जंगलात गडप झालेली नगरे पाहणे हा दोघांचा खरा ध्यास. १८४० मध्ये ते ग्वाटेमालातून चियापासमध्ये आले आणि ओकोसिंगोहून पालेंकेकडे निघाले. वाट उभ्या चढणीची. तेथे माणसाच्या पाठीवर खुर्ची बांधून तीत प्रवाशाला बसवण्याची रीत होती. खुर्चीचा पट्टा वाहणाऱ्याच्या कपाळावरून जाई. स्टीव्हन्स त्या खुर्चीत बसला. त्याचा प्रामाणिकपणा असा की, १८४१ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे लपवले नाही. आपल्याला वाहणाऱ्याचा फुललेला श्वास, त्याच्या अंगाची थरथर, लटपटणारे गुडघे, सारे त्याने लिहून ठेवले आहे. पण ग्रंथ गाजला तो पडक्या नगरांच्या वर्णनामुळे आणि कॅदरवुडच्या चित्रांमुळे. त्या चढणीवर एकाच वेळी दोन माणसे प्रवास करीत होती. एकाच्या प्रवासाचा ग्रंथ झाला, दुसऱ्याच्या प्रवासाची मजुरी झाली.

पुढे शंभर वर्षांनी, १९३८ साली, ग्रॅहम ग्रीन हा इंग्रज कादंबरीकार याच मुलखात आला. कॅथलिक धर्माची तेथे चाललेली गळचेपी पाहून लिहावे, हा त्याचा हेतू. ताबास्कोत चर्चे पाडली गेली होती, पाद्री परागंदा झाले होते. तेव्हा त्याची तक्रार खोटी नव्हती. खेचरावरचे लांबलांब पल्ले, उकाडा आणि किडे यांचे त्याचे वर्णन अंगावर काटा आणते. तरीही १९३९ च्या त्या प्रवासवर्णनात मेक्सिकोविषयीचा तिटकारा पानोपानी भरला आहे. काही आठवडे राहून साऱ्या देशावर निकाल द्यायचा, हा प्रवासी लेखकांचा जुना रोग आहे.

त्याच काळात आपला एक माणूस मेक्सिकोत होता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ च्या सुमारास तेथे गेले. राजधानीजवळच्या चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभारल्या. दिएगो रिवेरासारख्या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. चापिंगो दक्षिणेत नाही, हे खरे. पण परदेश खेचरावर बसून पाहणे आणि तिथल्या शेतात उभे राहून पाहणे, यांतला फरक या उदाहरणाने कळावा.

आता आजच्या रस्त्याकडे येऊ. १९५० साली पॅन-अमेरिकन महामार्ग मेक्सिकोतून ग्वाटेमालाच्या सीमेपर्यंत पोहोचला आणि दक्षिणेत मोटारी धावू लागल्या. आजच्या पर्यटकाच्या तक्रारी वेगळ्या आहेत. घाटातली वळणे पोट ढवळून काढतात, गावोगावी ‘तोपे’ म्हणजे उंच गतिरोधक आडवे येतात. पण सर्वांत मोठी तक्रार अडवणुकीची. सान क्रिस्तोबालहून ओकोसिंगोमार्गे पालेंकेला जाताना, म्हणजे जवळजवळ स्टीव्हन्सच्याच मुलखात, गावकरी कधी दोर आडवा धरतात आणि पैसे घेतल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. ‘लुटारूंचा प्रदेश’ असा शिक्का मारून पर्यटक मोकळा होतो.

दोर धरणाऱ्यांत सरळ खंडणीखोरही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा दोर कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि त्याच दिवशी झापातिस्ता बंडखोरांनी सान क्रिस्तोबाल, ओकोसिंगो ही शहरे ताब्यात घेतली. त्यांच्या मागण्या जमीन, काम, घर, अन्न, आरोग्य, शिक्षण अशा होत्या. चियापासमधल्या ग्रिहाल्वा नदीवर प्रचंड धरणे आहेत, त्यांची वीज देशभर जाते, आणि ते राज्य मात्र देशातल्या सर्वांत गरीब राज्यांत मोडते. ज्यांच्या दारावरून सगळे जाते आणि घरात काहीच येत नाही, त्यांच्या हाती रस्ता अडवणे एवढेच उरते. शिवाय भीतीचा खरा भार पर्यटकावर पडतच नाही. अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या लढाईमुळे जुलै २०२४ मध्ये चियापासच्या सीमेवरील शेकडो गावकरी ग्वाटेमालात पळाले. पर्यटकाचा एक दिवस वाया जातो. गावकऱ्याचे घरच जाते.

याच रस्त्यावर आणखी एक प्रवासी आहे. मध्य अमेरिकेतून आणि दूरदूरच्या देशांतून अमेरिकेकडे निघालेली माणसे चियापासमधूनच मेक्सिकोत शिरतात. पर्यटक खिडकीशी डुलक्या घेत असतो त्याच बसमध्ये अधिकारी चढतात आणि चेहरे पाहून कागदपत्रे मागतात. ९ डिसेंबर २०२१ रोजी तुस्तला गुतिएरेस शहराजवळ अशा माणसांनी खच्चून भरलेला ट्रक उलटला आणि पन्नासहून अधिक जण दगावले. यात आपलेही लोक आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेक्सिकोने ३११ भारतीयांना एकाच विमानाने दिल्लीला परत पाठवले. वाहाका, चियापास, ताबास्को अशा राज्यांतून त्यांना गोळा केले होते. कर्ज काढून, जमीन विकून लोक या वाटेला लागतात. जंगल, नद्या, दलाल, रात्रीचे ट्रक! अनुभवच मोजायचे तर स्टीव्हन्स आणि ग्रीन यांच्यापेक्षा यांच्यापाशी कमी नाहीत. पण त्यांना प्रवासी कोणी म्हणत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शेजारच्या वेराक्रूस राज्यात ला पात्रोना नावाचे खेडे आहे. तेथून जाणाऱ्या मालगाड्यांच्या टपावर असे भुकेलेले लोक बसलेले असतात. १९९५ पासून त्या गावच्या बायका भात, राजमा आणि मक्याच्या पोळ्या पिशव्यांत भरून रुळांशी उभ्या राहतात आणि धावत्या गाडीवरच्या हातांत देतात. परमुलखातली आपुलकी पाहायची असेल तर ती येथे पाहावी.

कोणी म्हणेल, मेक्सिकोचे आपल्याला काय? तर माथेरानकडे पाहा. माणसाने माणसाला ओढून नेण्याच्या तेथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावा लागला. तोवर किती सहली त्या रिक्षांतून फिरल्या, आणि किती सहलींच्या वर्णनांत तो ओढणारा आला?

कॉलेजच्या वार्षिकांतून सहलीचे वर्णन हटकून असते. सूर्योदय, धबधबा, गाण्यांच्या भेंड्या आणि सरांचा विनोद यांनी ते भरलेले असते. ते सारे असावे. पण गाडी रात्रभर कोणी चालवली, पन्नास जणांचे पिठले-भाकरी कोणी रांधले, वाट कोणाच्या शेतातून गेली, हेही दोन ओळींत यावे. जमल्यास त्या माणसाशी बोलून, त्याला विचारून, त्याच्या नावानिशी यावे. पुढच्या अंकासाठी लेखणी हाती धरणाऱ्या मित्रमैत्रिणींकडे माझे एवढेच मागणे आहे.