गोळी जंतांवर, जातीवर काय?

तंजावूर म्हटलं की मराठी माणूस सरस्वती महालाचा अभिमान सांगतो. मला विचारायचंय, तिथल्या दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातले, वृद्धाश्रमातले संडास कोण धुतं?

२०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. वृद्धाश्रमातली आजी, मनोरुग्णालयातला माणूस, सफाई कामगार त्यात नाहीत. शिवाय गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. लागण पुन्हा होते. अंकुशकृमी अनवाणी पायातून शिरतो आणि आतड्यातलं रक्त पितो. मैल्यात अनवाणी कोण उतरणार, हे जात ठरवते.

२०२५मध्ये तमिळनाडू सरकारने वसतिगृहांना ‘सामाजिक न्याय वसतिगृह’ म्हटलं. पाटी बदलली, चांगलं झालं. आता वाहतं पाणी, साबण आणि सफाई कामगाराला बूट, कायम नोकरी द्या. न्याय आम्ही संडासापासून मोजू.