गोर्दितो

"बाळसं कसं छान धरलंय हो!" असे आपण म्हणतो ना? अमेरिकेतल्या मेक्सिकन घरांत आई लेकाला लाडाने 'गोर्दितो', म्हणजे लठ्ठू, म्हणते. भूक पाहिलेल्या घराला अंगावरचे मांस म्हणजेच आरोग्य वाटायचे! गरीब माता-बालकांना अन्न पुरवणारी तिथली 'विक' योजना (नाव 'विक', पण देते फुकट!) मात्र उंची-वजन मोजते. दोन वर्षांनंतर मूल उंचावते तसे सडपातळ होते आणि पाच-सहाव्या वर्षी पुन्हा भरू लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच भरू लागले, तर पुढे लठ्ठपणाचा धोका अधिक. एकदाच्या वजनाने हे उमगत नाही; आलेखाची रेषा पाहावी लागते. 2009 साली योजनेने शिध्यातला फळांचा रस घटवला. पण नेमके तिसऱ्या वर्षी "पोर वाळलं ग!" म्हणून आणखी वाढणाऱ्या आजीचा हात कोण धरणार?