एकच हुकूम, दोन मशिनी

जालना, अंबड, भोकरदन, परतूर, कुठेही जा. जुन्या घरात एखादी पत्र्याची पेटी निघतेच. तिच्यात दादांच्या वेळचे जमिनीचे कागद, १९५४-५५ चे खासरा पत्रक, निकाहनामा, शाळेचे दाखले. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि महसुलाचा कारभार उर्दूत चाले, म्हणून बरेच कागद उर्दूत आहेत. आता मुले मोबाइलवर त्यांचे फोटो काढतात, हे चांगलेच. पण मोबाइल फोटोला नुसती तारीख आणि आकड्यांचे नाव देतो. तीनशे फोटोंत खासरा कोणता आणि निकाहनामा कोणता?

मग कॉम्प्युटर शिकणारी मुलगी म्हणते, "अब्बा, पायथनमध्ये दहा ओळी लिहिते, सगळी नावे एका झटक्यात बदलतील."

लिहू द्या. फक्त एवढे विचारा: हा प्रोग्राम विंडोजवर चालणार की लिनक्सवर?

पायथनमध्ये नाव बदलण्याचा साधा हुकूम आहे 'ओएस डॉट रीनेम'. समजा, दोन वेगळ्या कागदांना चुकून 'खासरा १९५४' हे एकच नाव मिळाले. विंडोजवर हुकूम तिथेच अडतो आणि या नावाची फाइल आधीच आहे असे सांगतो. लिनक्सवर तोच हुकूम एक शब्द न बोलता जुन्या फाइलच्या जागी नवी बसवतो. जुनी गेली, ती कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. लिनक्सची ही रीत विनाकारण नाही. नवी प्रत बाजूला पूर्ण लिहून मग एका दमात जुनीच्या जागी ठेवली, तर अर्धवट फाइल कुणाच्या हाती पडत नाही. पण ही सोय आपल्या पेटीतल्या कागदांवर उलटते. म्हणून प्रोग्रामने आधी ते नाव मोकळे आहे का ते पाहावे, नसेल तर पुढे क्रमांक जोडावा. नावात वेळ लिहिताना मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके टाकू नयेत, विंडोज ते घेत नाही.

फाइल हलवण्याची तऱ्हा निराळी. एकाच डिस्कवर फाइल हलते तेव्हा फक्त नोंदवहीतली नोंद बदलते. म्हणून शादीचा मोठा व्हिडिओसुद्धा क्षणात जातो. पेनड्राइव्ह ही वेगळी डिस्क. तिथे 'रीनेम' नकार देतो आणि 'शूटिल डॉट मूव्ह' वापरावे लागते. ते आधी नक्कल करते, मग मूळ पुसते. मात्र नक्कल झाली असे दिसले तरी काही भाग अजून मशिनीच्या मेमरीतच असू शकतो. तेवढ्यात घाईने पेनड्राइव्ह उपसला, तर मूळही नाही आणि नक्कलही नाही. कागदांसाठी 'हलवणे' वापरूच नये, असे माझे मत. नक्कल करा, पेनड्राइव्ह रीतसर काढून पुन्हा लावा, दोन-चार फाइली उघडून पाहा, मग मूळ पुसायची तर पुसा.

आणि पहिल्या फेरीत प्रोग्रामने काहीच बदलू नये. जुने नाव आणि नवे नाव शेजारी-शेजारी छापून दाखवावे. ती यादी घेऊन उर्दू वाचता येणाऱ्या नानांजवळ बसा. कागदावर १३५७ दिसले तर ते फसली साल असू शकते. त्यात साधारण ५९० मिळवा, १९४७ येईल. फाइलच्या नावात दोन्ही साले लिहा.