दुसऱ्यांदा नगर

राजूरच्या माणसास 'नगर' म्हटलें कीं प्रथम कचेरी आठवते. दाखला, उतारा किंवा कोर्टाची तारीख यांखेरीज अकोले, संगमनेर, लोणी, राहुरी असा लांबचा प्रवास सहसा कोणी करीत नाहीं. सरकारदफ्तरीं २०२४ पासून या शहराचें नांव अहिल्यानगर झालें आहे. आमच्या तोंडीं मात्र अद्याप जुनें 'नगर'च बसलेलें आहे. गेल्या महिन्यांत शनिवार-रविवार साधून आम्ही सहकुटुंब तेथें गेलों, आणि तेंही दुसऱ्यांदा. एकदां पाहिलेलें शहर पुन्हां पाहण्यांत काय स्वारस्य, असें वाचकांस वाटेल. आमचें हें जाणें हौसेपेक्षां एक जुनें देणें फेडण्यासाठीं होतें.

सात वर्षांपूर्वीं आम्ही प्रथम गेलों तेव्हां आमची कन्या सहा वर्षांची होती. शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर तीन मजल्यांची अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे. लहानथोर सारे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. आम्हींही तेंच म्हटलें. एवढ्यावर थांबलों असतों तर बरें झालें असतें. परंतु मुलीस घेऊन एका कमानींत उभे राहिलों आणि "चांदबिबी येथूनच मोगलांच्या फौजा न्याहाळीत असे," असें बिनदिक्कत सांगून मोकळे झालों. मुलांपुढें बापास सर्व कांहीं ठाऊक असावें लागतें!

ती गोष्ट मुलीनें मनांत जपून ठेविली. यंदा शाळेंतील निबंधस्पर्धेंत तिनें चांदबिबीवर लिहिलें, त्या कमानीचें वर्णन मोठ्या बहारीनें केलें आणि पहिलें बक्षीस मिळविलें. निबंध सर्व वर्गांना वाचून दाखविण्यांत आला. आम्ही फुशारलों, आणि त्याच भरांत नगरच्या इतिहासाचें एक पुस्तक घेऊन बसलों. दोन रात्रींत आमचा चेहरा उतरला. तो महाल नव्हेच. ती सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान हा मूर्तजा निजामशहाचा वजीर. तो १५८९ मध्यें वारला. चांदबिबीनें नगरचा किल्ला लढविला तो त्यानंतर सहा वर्षांनीं.

आतां मुलीस सांगावें कीं न सांगावें? बक्षिसाचा आनंद कशास हिरावून घ्या, असें आमच्या मनानें घेतलें. सौभाग्यवतींनीं मात्र एका वाक्यांत निकाल दिला. "तिनें चूक केलेली नाहीं, तुम्हीं सांगितलें तें तिनें लिहिलें. जेथें सांगितलेंत तेथेंच नेऊन दुरुस्त करा."

शनिवारीं सायंकाळीं आम्ही फराहबागेंत गेलों. कोरड्या तलावाच्या मध्यभागीं उंच चौथऱ्यावर तो भग्न राजवाडा आहे. १५८३ च्या सुमारास तो सलाबतखानाच्या देखरेखीखालीं पुरा झाला. नगरांत कांहीं काळ राहिलेला इतिहासकार फेरिस्ता या वजिराच्या राज्यकारभाराची मनापासून वाखाणणी करतो. हें सर्व आम्हीं मुलीस सांगितलें. पुढचें सांगण्यास मात्र जीभ रेटेना.

रविवारीं सकाळीं डोंगर चढलों. इमारतीच्या तळघरांत कबरी आहेत. पहिल्या खेपेस त्यांकडे आमचें लक्षच गेलें नव्हतें. मुलगी खालीं डोकावली आणि तिनें विचारलें, "बाबा, महालांत कबर कशी?" आतां पळवाट उरली नव्हती. सारें सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे माझा निबंध खोटा. तुम्हांला ठाऊक नव्हतें, तर तसें कां नाहीं म्हणालांत?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं.

दुपारीं किल्ल्याकडे गेलों. किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. आम्हीं खंदकाच्या कांठानें फेरी घातली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद यानें याच किल्ल्यास वेढा घातला. सुरुंगानें तटास खिंडार पडलें तेव्हां चांदबिबी स्वतः तेथें उभी राहिली आणि रातोरात तें बुजवून घेतलें. १५९६ मध्यें वऱ्हाड देऊन तह करावा लागला, पण किल्ला वांचला. पुढें १६०० मध्यें मोगलांचा पुन्हां वेढा पडला; ती शत्रूशीं संधान बांधीत आहे अशी आवई उठली, तिच्याच लोकांनीं तिचा वध केला, आणि थोड्याच काळांत किल्ला पडला. मुलगी तटाकडे टक लावून पाहत होती. "ही गोष्ट कमानीपेक्षां चांगली आहे," ती म्हणाली. "मीं हीच लिहायला हवी होती."

विचार करतां वाटतें, लोकांनीं चांदबिबीवर प्रेम केलें आणि डोळ्यांत भरणारी इमारत तिला देऊन टाकली. प्रेम खोटें नव्हे. परंतु त्यापायीं एका चांगल्या कारभाऱ्याचें नांव त्याच्याच थडग्यावरून पुसलें गेलें, आणि चांदबिबीचेंही नुकसानच झालें. कारण ती जेथें उभी राहिली तो तट सोडून लोक तिला भलत्याच डोंगरावर शोधतात.

सोमवारीं मुलीबरोबर आम्ही शाळेंत गेलों आणि चूक आमची आहे असें तिच्या शिक्षकांस सांगितलें. त्यांनीं बक्षीस परत घेतलें नाहीं. मात्र खिंडाराची गोष्ट तिनें सर्व वर्गांना स्वतः सांगावी, असें ठरविलें. ती तिनें सांगितली. आरंभींच ती म्हणाली, "मागें मीं वाचलें तें बरोबर नव्हतें." तेवढें म्हणणें आम्हांस सात वर्षांत जमलें नव्हतें.