बाळसे आणि बळ

मूल गुटगुटीत असले की आपल्याकडे घरादाराला समाधान वाटते. येणारीजाणारी माणसे त्याचे गाल ओढतात, आजी दृष्ट काढते आणि ‘पोर हाडापेराने मजबूत आहे हो!’ असा निर्वाळा मिळतो. तान्ह्या वयातील बाळसे कौतुकाचेच आहे. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर साठलेल्या मेदालाही बाळसेच म्हणत राहणे आणि त्यावरून त्याच्या हाडांची पारख करणे, हा निव्वळ भ्रम आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

या भ्रमाला थोडासा आधार आहे, हेही सांगितले पाहिजे. हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यावर जसा भार पडतो तशी त्याची अंतर्रचना पालटते, हा सिद्धान्त जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तेव्हा जड मुलाची हाडे अधिक भरीव असावयास हवीत. आणि मोजणीत ती पुष्कळदा तशी आढळतातही. पण देहाच्या वजनाच्या मानाने हा भरीवपणा पुरा पडत नाही. हाडाला खरी चेतना मिळते ती स्नायूंच्या ओढीने आणि धावण्या-उडी मारण्याच्या आघाताने. मेद बहुतांशी ओझेच वाढवितो. शिवाय ड जीवनसत्त्व मेदात मुरून राहते, म्हणून स्थूल मुलांच्या रक्तात ते बहुधा कमी असते. आणि त्याच्यावाचून अन्नातील कॅल्शियम शरीराला नीट शोषून घेता येत नाही. स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील चार लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षी स्थूल असलेल्या मुलांत पुढे अस्थिभंगाचे, विशेषतः पायाचे हाड मोडण्याचे, प्रमाण अधिक दिसले.

अतिस्थूल मनुष्याच्या देहात मेदच तेवढा वाढतो, इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, असे चरकसंहितेत म्हटले आहे; आणि धातूंच्या क्रमात मेदानंतर अस्थीच येते. प्राचीनांना सारे आधुनिक शास्त्र अवगत होते असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे, पण हे निरीक्षण मार्मिक खरेच.

पालकांनी एक गोष्ट मात्र अवश्य ध्यानात ठेवावी. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचा गोल माथा आपल्या जागेवरून सरकण्याचा एक विकार आहे, आणि तो स्थूल मुलांत अधिक आढळतो. त्यात दोष खुब्यात असतो, पण पुष्कळदा दुखतो गुडघा! अशा वेळी गुडघ्याला तेल चोळीत बसणे किंवा ‘वजन कमी कर म्हणजे बरे वाटेल’ असे मुलाला सुनावणे घातक ठरते. लंगडणाऱ्या मुलाचा खुबा अस्थितज्ज्ञाकडून विनाविलंब तपासून घेतला पाहिजे.

माणसाच्या अस्थींची सुमारे नऊ-दशांश पुंजी वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत जमा होते. म्हणजे हा संचय शाळेच्या वयातच व्हावयाचा. आणि नेमक्या त्याच काळात आपण करतो काय? दहावी आली की व्यायामाचा तास गणिताला देतो. ज्या बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात पिढ्या घडविल्या, जेथे 1907 ते 1910 या काळात स्वामी कुवलयानंदांनी त्यांच्यापाशी शिक्षण घेतले, त्या गावच्या शाळांत तरी हे घडू नये.

याहून मला बोचते ते निराळेच. खेळाच्या तासाला स्थूल मुलाच्या हाती गुणांची वही देऊन त्याला कडेला बसविण्यात येते. सवंगडी त्याला ‘लंबोदर’ म्हणतात, शिक्षकही कधी हसतात. मग तो मैदानाचे नावच टाकतो. ज्याच्या हाडांना धावपळीची सर्वांत अधिक निकड, तोच सावलीत! त्याच्या ताटातील तळण आणि साखर कमी करून नाचणीची भाकरी, तीळ, दूध यांना जागा द्यावी हे योग्यच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्राम कॅल्शियम असते. परंतु उपासमार करून त्याला वाळविणे हाडांना तितकेच अपायकारक आहे.

मुलांना रोज साठ मिनिटे दमदार हालचाल घडावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे बळकट करणारा व्यायाम व्हावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे. माझी मागणी त्याहून लहान आहे. येत्या जूनपासून दहावीचाही व्यायामाचा तास कोणी मागू नये व कोणी देऊ नये. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यांत प्रत्येकाला खेळवावे. आणि गुणांची वही पाळीपाळीने सर्वांच्या हाती जावी.