लघु-गुरूचं गणित

‘यमाताराजभानसलगा’ आठवतं? शाळेत मार्कांसाठी पाठ केलं आणि पेपर सुटल्यावर विसरलो! आता जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. लघु म्हणजे ०, गुरू म्हणजे १. ओळ झाली ०१११०१०००१. लागोपाठची तीन-तीन अक्षरं घेत चला. तीन बिट्सचे आठही नमुने मिळतात आणि एकही दोनदा येत नाही! डी ब्रॉइन या डच गणितज्ञाने अशाच रचनांवर १९४६ मध्ये पेपर लिहिला.

आता ‘नागपूर’ घ्या. बोलताना आपण नाग-पूर असे दोनच ठोके देतो; वृत्तात मात्र ना-ग-पू-र, म्हणजे १०१०. स्पॅनिशमध्ये जोर कुठे द्यायचा हे बहुधा शब्दाच्या शेवटावरून ठरतं, अपवादावर खूण असते. आपल्या वृत्तात किंमत जोराला नाही, अक्षराच्या वजनाला. ते कानालाच कळतं.

म्हणून माझं म्हणणं, वृत्त नुसतं घोकू नका, टाळ्या वाजवून मोजा. आपल्या नागपुरात राहिलेल्या सुरेश भटांनी नवोदितांसाठीच ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. गॅदरिंगला मुक्तछंदाच्या नावाखाली काहीही खपवण्याआधी ती वाचा. नियम मोडायचा तर खुशाल मोडा, पण माहीत करून घेऊन!